रावसाहेबकी आणि गजकर्ण

साम्राज्यं तोफांवर उभी राहत नाहीत. ती स्तब्ध उभं राहू शकणाऱ्या माणसांवर उभी राहतात. दरबार भरतो, सनद वाचली जाते, आणि ती वाचून होईपर्यंत एक माणूस हात न हलवता, मान न वळवता, देवळातल्या खांबासारखा उभा असतो. राज्याची सगळी प्रतिष्ठा त्या स्तब्धतेत साठवलेली असते. हा सिद्धांत मी बऱ्याच विचारानंतर मांडतो आहे. त्याचा उगम मात्र माझ्या मामांच्या कमरेपाशी, धोतराच्या गाठीखाली आहे, आणि तिथं त्या वर्षी गजकर्ण झालं होतं.

मामा निपाणीचे तंबाखूचे व्यापारी. कोगनोळीपासून चिकोडीपर्यंत कुणाच्या रानातला माल कसा निघाला आहे हे ते पान नुसतं नाकाशी धरून सांगत. घर जैनांचं. सूर्य मावळायच्या आत जेवण, पाणी गाळून, पावसाळ्यात पालेभाजी बंद. मराठी आणि कानडी दोन्ही भाषा घरात सारख्याच वावरत. हिशेब आणि संताप या दोन गोष्टी मामा कानडीत करत. मी तेव्हा बेळगावला एका शाळेत शिकवत होतो. माझी बायको ही मामांचीच मुलगी. आमच्यात भाच्याला मुलगी देण्यात कुणाला काही वेगळं वाटत नाही, त्यामुळं लग्नानंतरही मामा मला मामाच राहिले.

मामांनी स्वतःच्या पैशानं निपाणीत एक धर्मार्थ दवाखाना बांधून दिला होता. त्या दवाखान्यात ते एकदाच गेले, उद्घाटनाला. पण सरकारनं त्याची दखल घेतली आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला कलेक्टर कचेरीतून कळवण्यात आलं की, त्यांना ‘रावसाहेब’ ही पदवी मिळाली आहे. सनद पावसाळा सरताना बेळगावच्या दरबारात दिली जाईल. दरबारात कसं वागायचं तेही सोबत कळवलं होतं. पुढं यावं, मुजरा करावा, सनद वाचून होईपर्यंत निश्चल उभं राहावं, सनद दोन्ही हातांनी घ्यावी, आणि साहेबांकडं पाठ न करता तीन पावलं मागं जावं.

बाकी सगळं जमण्यासारखं होतं. निश्चल उभं राहणं नव्हतं.

त्या पावसाळ्यात धोतरं वाळलीच नाहीत. चुलीच्या वरच्या वलणीवर टाकलेली धोतरं धुरकट वासाची आणि अर्धी ओली अशी कमरेला बसत. त्यातच मामांच्या कमरेवर एक तांबडा गोल उठला. कडेला उंच, मधे बरा होत आल्यासारखा. आठवड्याभरात त्याला शेजारी मिळाले. मामांनी टाकळ्याचा पाला लिंबाच्या रसात वाटून लावला. मग, घरचाच माल म्हणून, तंबाखूचं पाणी काढून लावलं. खाजवून सोललेल्या कातडीतून तंबाखू अंगात गेला आणि मामांना वखारीत अशी घेरी आली, की ते दोन पोत्यांच्या मधे बसून येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ‘वाईच थांबा, वखार फिरायची थांबू द्या’ असं सांगत राहिले.

दरबाराच्या महिनाभर आधी मामा-मामी सर्व्हिस मोटारीनं बेळगावला आमच्याकडं आले. कारण सांगितलं ते कोट शिवण्याचं. मोटारीत काकतीपर्यंत मामांनी कसाबसा धीर धरला. काकतीला मोटार पाणी घ्यायला थांबली तेव्हा ते खाली उतरून एका बाभळीशी पाठ लावून उभे राहिले. मामींनी हे माझ्या बायकोला पहिल्याच चहाला सांगितलं.

“बाभळ बी शहाणी,” मामी म्हणाल्या, “काटं आत वडून घेतलं आसत्याल.”

मग तालमी सुरू झाल्या. सोप्यात मी कलेक्टर म्हणून खुर्चीवर बसत असे. सनद आमच्याकडं नव्हती, म्हणून माझी बायको वर्तमानपत्रातले बाजारभाव गंभीर आवाजात वाचायची. मामा समोर उभे राहायचे. गुळाचे भाव निम्म्यावर आले की त्यांचा उजवा हात कमरेकडं निघायचा.

“आप्पा, हात,” बायको वाचता वाचता म्हणायची.

“कुटला हात?”

“खाली गेलेला.”

“त्यो माझा न्हवं,” मामा म्हणायचे. “त्यो आपला आपुन जातोय. आन् गुळाचा भाव काय म्हनालीस, पुन्यांदा वाच.”

उलटी तीन पावलं टाकायची वेळ आली की मामी मागं तांदूळ निवडत बसलेल्या असत, आणि साम्राज्याचा नवा रावसाहेब हटकून सुपात पाय घालत असे. आठवडा असा गेला. कोट तयार झाला, पांढरी विजार तयार झाली, मामा काही तयार झाले नाहीत. एकदा जेवून उठताना ते एकाएकी म्हणाले, “मास्तर, चारचौघांत साहेबाम्होरं हात कमरंला गेला, तर निपानीत मला रावसाहेब कोन म्हननार न्हाय. खाजरं रावसाहेब म्हनत्याल. आन् त्ये जल्मभर.”

निपाणी मलाही माहीत आहे. त्यांचं म्हणणं खरं होतं.

हिंडलग्याच्या वाटेवर एक डॉक्टर राहत. पलटणीच्या इस्पितळातून निवृत्त झालेले, कोकणातले, आणि पेशंटला रंगरुटाला दटावावं तसं बोलणारे. त्यांनी मामांना खिडकीशी उभं केलं, भिंग घेतलं आणि कमरेची पाहणी केली.

“रक्त दूषित वगैरे काही नाही,” ते म्हणाले. “किडाही नाही. ही बुरशी आहे. लोणच्यावर येते, चपलेवर येते, तशीच एक जात माणसाच्या कातडीवर येते. ओल मिळाली की वाढते. आजवर काय काय लावलंत?”

मामांनी तंबाखूचं पाणी सांगितलं. डॉक्टरांनी भिंग खाली ठेवलं. “सोललेल्या कातडीवर? तुम्ही दरबाराला जाणार होता ना? वर जायची तयारी का चालवली होती?”

मग त्यांनी एक लहान डबी दिली. आत पिवळट तपकिरी मलम. गोव्याच्या भुकटीचं, असं त्याला म्हणत. झाड ब्राझीलचं, पण पोर्तुगिजांनी ती भुकटी ज्या बंदरात उतरवली त्याचं नाव तिला चिकटलं. डॉक्टरांनी सांगितलं ते मला आजही पाठ आहे, कारण पुढं त्यातली जवळपास प्रत्येक गोष्ट मोडली गेली.

“जागा धुवायची, पूर्ण कोरडी करायची. मग डाळीच्या दाण्याएवढं मलम घ्यायचं आणि पातळ चोळायचं. गोलावर आणि त्याच्या कडेबाहेर बोटभर, बस. सकाळ-संध्याकाळ. तोंडाला नाही, डोळ्याजवळ तर मुळीच नाही, सोललेल्या जागी नाही. लावून झालं की हात धुवायचे. साबण त्या जागेवर घासायचा नाही, रंग चढेल. जुने कपडे वापरा. पंचा वेगळा. आग व्हायला लागली तर थांबून माझ्याकडं यायचं. आणि खाज थांबली म्हणून मलम थांबवायचं नाही. खाज आधी जाते, बुरशी नंतर. तीन-चार आठवडे तरी लावा.”

मामी इतका वेळ दाराशी उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, “डॉक्टर, ही बुरशी जित्ती आसती व्हय?”

“अर्थात. जिवंत आहे म्हणून तर वाढते.”

“आन् मलमानं?”

“मरते. मलम त्यासाठीच असतं.” डॉक्टरांना हा प्रश्न फार आवडला. इतका मुद्द्याचा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता असं ते मला म्हणाले. तो प्रश्न शास्त्रातला नसून धर्मातला आहे हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

टांग्यात मामा-मामी त्या डबीकडंच बघत होते. मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून खाली बघून चालणारं घर ते. पापडावर बुरशी दिसली तर मामी तो पापड हलवतसुद्धा नसत. किल्ल्याजवळ आल्यावर मामा पुटपुटू लागले. कानडीत, म्हणजे हिशेब चालला होता.

“सकाळ-सांज,” शेवटी ते मराठीत म्हणाले. “चार आठवडं. म्हंजे चार आठवडं सकाळ-सांज हिंसा.”

“लावायचं तर लागंलच की वो,” मामी म्हणाल्या.

“लावू न्हाय म्हनतोय कोन? पर ह्ये किरकोळीत करायचं काम न्हाय. घाऊकात एकदाच उरकावं. एक डबी, एक पाप, एक प्रायश्चित्त.”

“डॉक्टर पातळ लावा म्हणाले,” मी म्हणालो.

“डॉक्टराचं काय जातंय? त्याला परलोकात कोन इचारतंय.”

चाळीस वर्षं व्यापार केलेल्या माणसाचा हा विचार होता, आणि व्यापारात तो अगदी बरोबर ठरला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा न्हाणीघरात गेले आणि दार लावून घेतलं. आतून बराच वेळ काही ऐकू आलं नाही. आम्हाला वाटलं, स्नान चाललं आहे. प्रत्यक्षात त्यांनी सगळी डबी अंगाला लावली होती. कमरेला जाड, आणि कुठं एखादा जीव लपून राहून पुन्हा हे सगळं करायला लागू नये म्हणून पोटाला, छातीला, मांड्यांना. मग तेलकट वाटलं म्हणून कपडे धुण्याचा साबण घेऊन कढत पाण्यानं आंघोळ केली. मधेच, एवढं मोठं काम एकहाती उरकल्याच्या समाधानात, नेहमीच्या सवयीनं मिशीला पीळ दिला.

ते बाहेर आले तेव्हा माझी बायको ताक घुसळत होती. तिनं रवी थांबवली.

“आप्पा, मिशी.”

“काय झालंय मिशीला?”

“वांगं झालंय.”

मामांची मिशी पांढरी होती. ती आता निपाणीच्या बाजारातल्या ताज्या वांग्याच्या रंगाची झाली होती. पंचा जांभळा, न्हाणीघरातला पाट जांभळा, नखं जांभळी. कमरेपासून खालचं रावसाहेबांनी आम्हाला दाखवलं नाही, पण मामी त्यांना आत नेऊन बघून आल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. मला वाटलं त्या रडताहेत. त्यांचे खांदे हलत होते, आणि माझी बायको त्यांच्याजवळ जाऊन बसल्यावर तिचेही हलायला लागले. आतून मामा ओरडले, “हसा. हसा. आग हुतीया हितं,” आणि पुढचं सगळं कानडीत.

मीही हसलो. शेजारच्या बाई भिंतीवरून काय झालं म्हणून विचारायला आल्या, तेव्हा कुणाला सांगताच येईना.

तासाभरानं मात्र कुणी हसत नव्हतं. कातडी लालभडक झाली होती आणि मामांना बसवत नव्हतं. डॉक्टर आले. त्यांनी आधी पापण्या उलटून डोळे तपासले. डोळ्याला हात गेला नव्हता, हे नशीब. मग गोडं तेल लावून लावून उरलेलं मलम पुसून काढलं, वर गुलाबी थंड औषधाचं पाणी लावलं.

“आठवडाभर याच्याशिवाय काही लावायचं नाही,” ते म्हणाले. “पण मला एवढंच सांगा, असं का केलंत?”

मामांनी सगळं खरं सांगितलं. किरकोळ, घाऊक, प्रायश्चित्त, सगळं. पलटणीत डॉक्टरांनी पुष्कळ कारणं ऐकली असतील, हे नसावं. त्यांनी पुन्हा भिंग घेतलं आणि कमरेच्या मागच्या बाजूला वाकून पाहिलं.

“तुम्ही स्वतःचं कातडं मारलंत,” ते म्हणाले. “बुरशी इथं मागं मजेत आहे. तुमचा हात पोचला नाही.”

मामांच्या चेहऱ्यावर दुःख आणि सुटका एकाच वेळी दिसली.

“आणि ऐका,” डॉक्टर पुढं म्हणाले, “तुम्ही खाजवता तेव्हा ती नखातून दुसरीकडं जाते. पंच्यावरून घरच्यांकडं जाते. एकीच्या हजार होतात.”

मामी पुढं आल्या. “म्हंजे आज थोड्या हैत, त्या खाजवून वाढवायच्या, आन् फुडं समद्याच मारायच्या?”

“तसंच.”

“मग आत्ताच, थोड्याच,” मामी म्हणाल्या. “मी लावते. ह्यास्नी डबी द्यायची न्हाय.”

आठवड्यानं कातडी निवली. या वेळी डॉक्टरांनी पांढरं, सौम्य मलम दिलं, साध्या दोन आम्लांचं, रंग न चढणारं. त्यानंतर आमच्या घरी रोज सकाळ-संध्याकाळ जे चालायचं, तसा औषधोपचार मी पुन्हा कुठं पाहिला नाही. मामी मामांना खिडकीशी पाटावर बसवायच्या. जागा धुऊन, वेगळ्या पंच्यानं टिपून, हवेनं पुरती कोरडी होईपर्यंत थांबायच्या. मग हात जोडायच्या. जैनांत भाद्रपदात एक दिवस असतो, त्या दिवशी सगळ्या जीवांची क्षमा मागतात. मामींनी तो दिवस रोज दोनदा केला. एकेका गोलाकडं बघून त्या क्षमा मागत आणि मग तेवढ्याच गोलावर, डाळीच्या दाण्याएवढं, पातळ मलम चोळत. जिथं गोल नाही तिथं क्षमा मागायचं कारण नाही, म्हणून तिथं मलमही नाही. मग राखेनं हात धुवायच्या. धोतर कोळशाच्या इस्त्रीनं पुरतं सुकवल्याशिवाय मामांच्या अंगावर चढत नसे. कमरेचा करदोटा तेवढा निघाला नाही, कारण तो माणूस गेल्यावरच काढतात. मामींनी एकाच्या जागी दोन करून ठेवले आणि ओला झाला की दुसरा बांधून मगच पहिला सोडायच्या.

डॉक्टर एकदा सकाळी येऊन हे पाहून गेले. “इतकं काटेकोर औषध मी कंपाउंडरकडूनही करवून घेऊ शकलो नाही,” ते मला फाटकाशी म्हणाले. “त्या हात जोडून काय म्हणतात ते विचारणार होतो, पण राहू दे. फायदा होतोय.”

आठ-दहा दिवसांत खाज गेली. मामा लगेच म्हणाले, “झालं की. आता कशाला उगीच?” मामी म्हणाल्या, “खाज गेली. बुरशी हाय. बसा पाटावर.”

मिशीचा प्रश्न राहिला. रंग उतरेना. काढून टाकणंही शक्य नव्हतं, कारण आमच्या भागात मिशी उतरवतात ती वडील गेल्यावर, आणि मामांचे वडील निपाणीला ओट्यावर बसून वखारीतल्या माणसांना अजून शिव्या देत होते.

दरबार कचेरीजवळच्या मोठ्या मंडपात भरला. लाल गालिचा, खुर्च्या, पट्टेवाले, बँड. मी आणि माझी बायको मागच्या रांगेत होतो, मामी तिच्या शेजारी. पदव्या मिळणारे चौघे होते. मामांचं नाव पुकारलं गेलं. पांढरी विजार, काळा कोट, भगवा पटका आणि जांभळी मिशी अशी त्यांची मूर्ती पुढं गेली. मुजरा नीट झाला. साहेबांची नजर मिशीवर खिळली. त्यांनी शिरस्तेदारांकडं मान वळवून काहीतरी विचारलं. साहेबाला ‘ठाऊक नाही’ असं सांगायची शिरस्तेदारांना सवय नव्हती. निपाणीकडं मंगल प्रसंगी मिशीला असा रंग देण्याची जुनी चाल आहे, असं त्यांनी सांगितल्याचं आम्हाला नंतर कळलं. साहेबांनी आदरानं मान हलवली. ही चाल पुढं एखाद्या सरकारी ग्रंथात छापली गेली असेल तर मला नवल वाटणार नाही.

सनद वाचायला सुरुवात झाली. ती गुळाच्या भावापेक्षा पुष्कळच लांब होती. मामींनी माझ्या बायकोचा हात धरला. आम्ही तिघंही मामांच्या उजव्या हाताकडं बघत होतो. तो विजारीच्या शिवणीला चिकटलेला होता. मंडपात उकडत होतं. शेजारी उभे असलेले एक देसाई कान चोळत होते, बँडवाला मान पुसत होता, खुद्द साहेब बुटात पाय हलवत होते. मामा हलले नाहीत. निम्मी सनद झाली, मामा हलले नाहीत. सगळी झाली, तरी हलले नाहीत.

साहेबांनी सनद पुढं केली. मामा दोन्ही हातांनी ती घेऊन तिथंच उभे राहिले. इतक्या दिवसांच्या तालमीत त्यांनी स्तब्ध राहण्याचा एवढा ध्यास घेतला होता, की आता हलायचं केव्हा हेच त्यांच्या डोक्यातून गेलं होतं. बँड वाजायला लागला. पुढच्या माणसाचं नाव पुकारलं गेलं. मामा उभेच. शेवटी एका पट्टेवाल्यानं येऊन त्यांच्या कोपराला हळूच हात लावला, तेव्हा ते भानावर येऊन उलट्या पावली निघाले, आणि तीनवर न थांबता थेट आमच्या रांगेपर्यंत आले.

“सूप न्हवतं न्हवं मागं?” त्यांनी खुर्चीत बसता बसता मामींना विचारलं.

“न्हवतं,” मामी म्हणाल्या. “हात बी न्हाय गेला.”

“न्हाय गेला,” मामा म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

निपाणीत त्यांना शेवटपर्यंत सगळे रावसाहेबच म्हणाले. गजकर्ण पुन्हा झालं नाही. चट्टे दिसेनासे झाल्यावरही दोनेक आठवडे मामींनी क्षमा आणि मलम दोन्ही चालू ठेवलं होतं. मिशी दिवाळीपर्यंत मुळाकडून पांढरी होत आली.

सनद काचेच्या चौकटीत घालून वखारीच्या ओल्या भिंतीवर टांगली होती. पुढच्या पावसाळ्यात काचेच्या आत बुरशी आली. मामींनी ती कुणाला पुसू दिली नाही. पदवीची अक्षरं तिच्या खाली आहेत.